तपकिरी, काळा, लाल

३ मार्च, सोमवार

टेबल जळलं. म्हणजे बाटलीच्या बुचाएवढा काळा डाग पडला. पण घरात दुपारपासून जे चाललं आहे, त्यावरून कुणालाही वाटावं की मी सगळी गल्ली पेटवून दिली.

मागच्या खोलीत ॲम्प्लिफायरचा बोर्ड जोडत होते. वीज दिली, एका रेझिस्टरमधून धूर आला, तो तडकला आणि जळता तुकडा टेबलावर पडला. टेबल नकाशेसाहेबांचं. नवऱ्याला मी या वहीत असंच म्हणणार आहे. चौतीस वर्षं त्यांनी भूमापन कचेरीत नकाशे काढले आणि निवृत्त होताना आपलं टेबल घरी आणलं. दोन वर्षांपूर्वी मी शाळेतून निवृत्त झाले, तेव्हा त्यांनीच ते मला दिलं. दिलेल्या वस्तूवर पुन्हा हक्क सांगायचा नसतो. एवढं माझ्या वर्गातल्या मुलींनाही कळायचं.

म्हणाले, ही खोली आता बंद कर. का, तर वास येतो. तारांना कथलाचा डाग देताना जळणाऱ्या राळेचा वास दीड वर्ष येतोच आहे. खरं कारण सांगा म्हटलं, तर म्हणाले, "आज टेबल जळलं, उद्या तुझा हात जळेल." एकतीस वर्षं मी शाळेची प्रयोगशाळा सांभाळली. हात भाजला तो फक्त घरच्या तव्यावर.

मग अट मीच घातली. ३० तारखेच्या रविवारी माझा ॲम्प्लिफायर एक तास विनातक्रार वाजला, तर खोली माझी. ते स्वतःच्या हाताने मला भिंतीवर फळ्या ठोकून देतील आणि पुन्हा चकार शब्द काढणार नाहीत. नाही वाजला, तर मी सगळं खोक्यांत भरीन आणि पुन्हा कधीही हात लावणार नाही.

ते म्हणाले, "तू शब्द देऊ नकोस."

मी म्हटलं, दिला.

४ मार्च

धुराचं कारण सापडलं. दुकानदार.

रेझिस्टर म्हणजे वीज अडवणारी दाण्याएवढी नळी, दोन्ही टोकांना तार. तिच्यावर रंगाचे पट्टे असतात आणि प्रत्येक रंग म्हणजे एक आकडा. काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन. पहिले दोन पट्टे आकडे सांगतात, तिसरा सांगतो पुढे किती शून्यं. तपकिरी, काळा, लाल म्हणजे हजार. तपकिरी, काळा, तपकिरी म्हणजे शंभर. हजाराच्या जागी शंभराचा बसला की वीज पुरेशी अडत नाही आणि तो जळणारच. हल्ली रंगवणारे लाल इतका मळकट रंगवतात की लाल आणि तपकिरी सख्खे भाऊ दिसतात. सुट्या भागांच्या दुकानदाराला कडक पत्र लिहिलं.

नकाशेसाहेबांनी पत्र वाचून विचारलं, मीटर लावून बघितला होतास का. मीटर ज्यांना रंग पाठ नाहीत त्यांच्यासाठी असतो. मी हे रंग कॉलेजात एका संध्याकाळी पाठ केले आणि आजवर एकही विसरलेले नाही.

"पाठ आहेत गं," ते म्हणाले, "दिसतात का, ते विचारतोय."

असल्या प्रश्नाला मी उत्तर देत नसते.

६ मार्च

कामाची शिस्त बदलली आहे. रोज संध्याकाळी उजेड आहे तोवर दुसऱ्या दिवशीचे सुटे भाग पांढऱ्या कागदावर ओळीने मांडायचे, ज्या क्रमाने बोर्डावर बसणार त्याच क्रमाने. रात्री झोप. सकाळी फिरून यायचं, चहा घ्यायचा आणि मग ओळीतला एकेक उचलून डाग देत जायचं. मुलींना मी हेच शिकवलं होतं. आधी मांडणी, मग जोडणी.

ते दारात उभे राहून बघत होते. डोळे दाखवून ये म्हणाले, ही दुसरी वेळ. मी म्हटलं, या डोळ्यांनी तिसऱ्या बाकाखालची चिठ्ठी फळ्यापाशी उभं राहून पकडली आहे. ते म्हणाले, "कधी?" खोचक बोलायची त्यांची हीच पद्धत, एका शब्दात.

८ मार्च

दुकानात जाऊन आले. पत्राचा परिणाम असा की दुकानदाराने स्टूल दिलं. मग दोन रेझिस्टर तळहातावर ठेवून म्हणाला, "बाई, हा बघा लाल, हा तपकिरी." दोन्ही सारखेच मळके. पण त्याच्या दुकानात उजेडच नाही, दिव्याभोवती नुसतं धुक्याचं कडं. मी त्याला दिवा बदलायला सांगितलं. तो वर दिव्याकडे बघत राहिला.

९ मार्च, रविवार

वन्सं आल्या होत्या. दोन गल्ल्या सोडून राहतात, आणि भावाच्या घरात भांडण झालं की त्यांना बरोबर वास लागतो. जळलेल्या डागावरून बोट फिरवून म्हणाल्या, "वहिनी, या वयात बायका विणकाम करतात." मी म्हटलं, विणकामातही सुया असतात.

जाताना खोलीच्या दाराचं कौतुक करत होत्या. अजून किती पांढरंशुभ्र राहिलंय म्हणे. दार चांगलं पिवळट आहे. सत्तरी गाठली, डोळे गेले बिचारीचे.

१२ मार्च

पहिला टप्पा जोडून वीज दिली. धूर नाही. आवाज आला, स्वच्छ. शिस्तीचा परिणाम.

नकाशेसाहेबांना बोलावून दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि फक्त विचारलं की आज पुन्हा मांडणी करणार का. मी म्हटलं, रोज करणार. बरं, म्हणाले.

१५ मार्च

घरातल्या ढवळाढवळीबद्दल दोन शब्द.

एक. माझ्या टेबलावरचा दिवा न विचारता बदलला. नवा इतका प्रखर की डोळ्यांसमोर पांढरा पडदा येतो. जुना परत लावायला लावला.

दोन. माझ्या सुट्या भागांच्या खणांवर त्यांनी चिठ्ठ्या चिकटवल्या. नकाशावर गावांची नावं लिहायचे तशा अक्षरात, पण बोटभर उंचीचे आकडे. बालवाडीसारखे. मी सगळ्या काढून टाकल्या. त्यांनी खाली बसून चिठ्ठ्या गोळा केल्या आणि घेऊन गेले.

तीन. वीज देताना दारात उभे राहतात, एक हात भिंतीवरच्या मुख्य बटणावर. जणू मी स्फोट करणार आहे. मी म्हटलं, हरण्याची इतकी घाई झाली असेल तर बसून वाट बघा.

१८ मार्च

आज पुन्हा तेच. काल मांडणी करताना चौथ्या जागेवर कोणता ठेवला याबद्दल जरा शंका होती, तशी नोंदही कामाच्या वहीत केली होती. सकाळी जोडला, टप्पा चालू. हाताला स्वतःची आठवण असते. डोकं शंका घेतं, हात चुकत नाही.

वन्संना सांगितलं. त्यांनी भावाकडे बघितलं, भावाने वर्तमानपत्र वर केलं.

वर्तमानपत्राबद्दलही तक्रार लिहायची आहे. छपाई दिवसेंदिवस फिकी होत चालली आहे.

२१ मार्च

खण शोधून दमले, त्यांचं नकाशाचं भिंग सापडत नाही. तीन पायांचं आहे, कागदावर ठेवून वाकून बघायचं. मला एका बोर्डाची रेघ बघायची होती. विचारलं तर म्हणाले, माझ्याकडे आहे. कशाला, तर जुने नकाशे बघतो. कधी, तर सकाळी, तू फिरायला गेलीस की. पूर्वी दोघं मिळून जात होतो. गुडघा दुखतो सांगून मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून बंद केलं. बसा नकाशे बघत.

खरं लिहायचं तर सोबतीची सवय होती. चालताना हे एकही शब्द बोलत नसत, तरी ते न बोलणं बरोबर असायचं.

२५ मार्च

काल संध्याकाळी मांडणी, आज शेवटचा टप्पा. पुरा बोर्ड चालतो.

जेवताना त्यांना विचारलं, हरल्यावर फळ्या कोणत्या लाकडाच्या करणार. म्हणाले, मोजमापं घेऊन ठेवली आहेत. आधीच पराभव मान्य? याला मी कचेरीतला बाणा म्हणते. साहेबाने सांगण्याआधी नकाशा गुंडाळून तयार.

३० मार्च, रविवार

वाजला.

वन्सं पंच. घड्याळ मांडीवर घेऊन बसल्या. रेडिओ जोडला, तर नेमकी कोंबड्यांच्या आजारांवर चर्चा. बदलू दिलं नाही, म्हणाल्या मध्येच काही बिघडलं तर वाद होईल. तेव्हा आम्ही तिघांनी एक तास कोंबड्यांच्या माना का वाकड्या होतात ते ऐकलं. प्रत्येक शब्द स्पष्ट. खरखर नाही, चटका लागेल इतकी उष्णता नाही.

तास भरला तेव्हा माझ्यापेक्षा नकाशेसाहेबच सुटल्यासारखे दिसले. बटणावरचा हात काढला, हात झटकला, बसले. हरल्याचं दुःख लपवायची ज्याची त्याची तऱ्हा असते.

मी म्हटलं, फळ्या.

उद्यापासून, म्हणाले.

२ एप्रिल

फळ्या झाल्या. पातळी पाण्याच्या नळीने मोजून लावल्या. एक केसभरही तिरकी नाही, हे मान्य करावं लागेल. मी दुसऱ्या बोर्डाचं काम हाती घेतलं आहे. जिंकलेल्या खोलीत काम करायला वेगळी मजा येते.

५ एप्रिल, शनिवार

आज जे घडलं ते क्रमाने लिहिते, नाहीतर लिहिता येणार नाही.

सकाळी फिरायला निघाले. कोपऱ्यावर चपलेचा अंगठा तुटला, म्हणून परतले. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. नकाशेसाहेब माझ्या टेबलाशी, माझ्या स्टुलावर. समोर माझी काल संध्याकाळची मांडणी. तिच्यावर त्यांचं तीन पायांचं भिंग. एका हातात माझा चिमटा, दुसऱ्या हातात माझा मीटर. चिमट्याने त्यांनी ओळीतला एक रेझिस्टर उचलला, बाजूला ठेवला आणि खणातून दुसरा काढून त्याच्या जागी ठेवला.

मी जे बोलले ते सगळं लिहीत नाही. सार असं: हरलात ते सहन झालं नाही, म्हणून आता माझ्या कामात बिघाड पेरता. समोरासमोर जमलं नाही, तर पाठीमागून. इतक्या वर्षांच्या संसारानंतर हे. ते उठून उभे राहिले, चिमटा होता तिथे ठेवला आणि एवढंच म्हणाले, "चहा घे आधी."

मी म्हटलं, पुरावा हवा. फळीवर एक पत्र्याचा डबा होता, माझा नव्हे. मी उघडायला लागले तेव्हा ते म्हणाले, "राहू दे तो." म्हणजे पुरावा तिथेच होता. माझे चांगले रेझिस्टर काढून लपवले असणार. प्रत्येकाला मीटर लावायचा, किंमत लिहायची आणि कागद त्यांच्यासमोर ठेवायचा, असं ठरवून मी टेबलाशी बसले.

डब्यात पुठ्ठ्याचे तुकडे. प्रत्येकावर दोऱ्याने एक रेझिस्टर टाचलेला आणि खाली त्यांचं अक्षर. डोळ्यांपाशी धरूनही लागेना, म्हणून त्यांचं भिंग ठेवलं.

"१२ मार्च. जागा दुसरी. ठेवलेला शंभर. हवा होता हजार."

मीटर लावला. शंभर.

"१८ मार्च. जागा चौथी. ठेवलेला शंभर. हवा होता दहा हजार."

मीटर लावला. शंभर.

एकूण चौदा पुठ्ठे. चौदाही वेळा मीटरने त्यांचंच खरं केलं. शेवटी मी ओळीतून त्यांनी आज काढलेला घेतला. मला तो अजूनही तपकिरी, काळा, लाल दिसत होता. मीटरवर शंभर.

मीटर मला ओळखत नाही. त्याला माझी भीड नाही.

चहा गार झाला होता, त्यांनी दुसरा करून आणला. मी विचारलं, सांगितलं का नाही. म्हणाले, चार वेळा सांगितलं, पहिल्या वेळी तू सगळा दोष दुकानदाराला दिलास. मग हरू द्यायचं होतं, मी म्हटलं, खोली बंद व्हावी हीच तुमची इच्छा होती ना.

ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "त्या दिवशी रागात बोललो मी. पण तू शब्द दिलास. आणि तू दिलेला शब्द पाळतेस, त्याचीच भीती वाटली. निवृत्त झालीस तेव्हा सहा महिने नुसती भिंतीकडे बघत बसायचीस. आठवतं?"

आठवत नाही. म्हणजे भिंत आठवते.

६ एप्रिल, रविवार

रात्रभर विचार केला आणि निर्णय दिला.

ज्या मुलीचा पेपर दुसऱ्याने दुरुस्त केला, तिला मी आयुष्यात कधी पास केलेलं नाही. दुरुस्त करणारा मायेने करतो की लबाडीने, हे मी कधी विचारलं नाही. आता स्वतःसाठी वेगळा नियम करणार नाही. ३० मार्चचा निकाल रद्द. मी हरले.

सकाळपासून खोकी भरते आहे. सोल्डरिंग आयर्न, मीटर, खण, तारा. नकाशेसाहेब दारात उभे होते. म्हणाले, अट आपल्या दोघांमधली होती, मी सोडली. मी म्हटलं, तुम्हाला सोडायचा अधिकार नाही, शब्द माझा आहे. ते म्हणाले, "मग फेरपरीक्षा घे. नापास झालेल्या मुलींना घ्यायचीस की नाही?"

घ्यायचे. पण तयारीनिशी बसायचं असेल तरच.

वन्सं आल्या, खोकी बघितली, भावाला म्हणाल्या, "कळलं एकदाचं?" म्हणजे त्यांनाही माहीत होतं. सगळ्या गल्लीला माहीत असेल. दुकानदाराला तर नक्कीच. स्टूल म्हणूनच दिलं होतं.

८ एप्रिल

डोळ्यांची डॉक्टरीण माझ्या निम्म्या वयाची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकत आलेला. म्हणाली, आतली काच हळूहळू तपकिरी होते आणि ती इतकी सावकाश होते की माणसाला वाटतं जगच मळलं. मी विचारलं, लाल आणि तपकिरी सारखे दिसू शकतात का. म्हणाली, अशा उजेडात सहज. मग विचारलं, इतके दिवस काम कसं चाललं तुमचं?

मी म्हटलं, मदतनीस होता.

नकाशेसाहेब बाजूच्या खुर्चीवर टोपी हातात घेऊन बसले होते.

२३ एप्रिल

परवा उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, काल पट्टी निघाली. दार पांढरं आहे. वन्संची माफी मनातल्या मनात मागितली, तोंडावर मागितली तर वर्षभर पुरवतील.

नकाशेसाहेबांचे केस मी करडे समजत होते, ते पूर्ण पांढरे आहेत. हनुवटीखाली दाढी करताना कापल्याची खूण आहे. ती कधीची म्हटलं, तर म्हणाले जुनी आहे.

टेबलाच्या कडेला बारीक निळे ठिपके आहेत. नद्या काढताना शाई सांडली असणार. दोन वर्षं मी त्यांना काळे समजत होते. जळका डाग मात्र काळाच आहे.

खोकी बंदच. महिनाभर वाकायचं नाही, असा हुकूम आहे. नाहीतरी दुसरा डोळा व्हायचा आहे. सकाळी फिरायला मात्र दोघं जातो. गुडघा बरा झाला म्हणे. त्याला काही झालंच नव्हतं.

२३ मे, शुक्रवार

दोन्ही डोळे झाले. डॉक्टरणीने काम करायला परवानगी दिली. खोकी उघडली आहेत, पण फक्त परीक्षेपुरती. रविवारी फेरपरीक्षा, वन्सं पंच. नियम लिहून दारावर लावले आहेत. बोर्ड कोरा. मांडणी माझी, जोडणी माझी. प्रत्येक रेझिस्टर रंग वाचून घ्यायचा आणि नंतर मीटरही लावायचा. हा नियम माझ्यासाठी नवा आहे आणि आता कायमचा आहे. परीक्षा होईपर्यंत नकाशेसाहेबांनी मांडणीतल्या कशालाही बोट लावायचं नाही. लावलं तर परीक्षा रद्द आणि खोली कायमची बंद.

ते नियम चष्मा लावून वाचत उभे राहिले. म्हणाले, कडक आहेत. मी म्हटलं, परीक्षा आहे.

पण नियम लावले म्हणून कुणी पाळतं असं नाही, हे मला एकतीस वर्षांच्या पर्यवेक्षणाने शिकवलं आहे. संध्याकाळी पूर्ण ओळ मांडली. तपकिरी, काळा, लाल: लाल पट्टा कुंकवाच्या बोटासारखा उठून दिसतो आहे, त्याला मळकट म्हणणाऱ्या बाईचं नवल वाटतं. सगळे बरोबर लागले आणि मग तिसऱ्या जागेवरचा हजारचा मी मुद्दाम उचलला आणि तिथे शंभरचा ठेवला. सकाळी फिरून आल्यावर तिथे हजारचा असेल, तर मला समजेल की या माणसाचा माझ्यावर अजून विश्वास नाही. मग मी स्वतः खोकी बांधीन.

सकाळी फिरायला मी एकटी जाणार असं सांगितलं आहे. बरं, म्हणाले.

२५ मे, रविवार

वाजला. एक तास तीन मिनिटं. जास्तीची तीन मिनिटं अशी की वन्सं गाण्यात रंगल्या आणि घड्याळ बघायला विसरल्या. मुख्य बटणापाशी आज कुणी उभं नव्हतं. नकाशेसाहेब खुर्चीत पाय पसरून बसले होते, मध्ये थोडी डुलकीही काढली. मी बघून न बघितल्यासारखं केलं. खोली माझी. खोकी वन्संना दिली, त्यांना जुने कपडे भरायला हवीच होती.

कालची गोष्ट लिहायची राहिली. सकाळी फिरून आले आणि चप्पल न काढता सरळ मांडणीपाशी गेले. ओळ जशीच्या तशी. तिसऱ्या जागेवर तपकिरी, काळा, तपकिरी. शंभरचाच. तिथेच. त्याच्या खालच्या बाजूला, मांडणीला हात न लावता सरकवलेली, बोटभर कागदी पट्टी. नकाशावर लहान गावांची नावं लिहितात त्या अक्षरात. भिंगाशिवाय वाचली.

"तिसरा चुकीचा आहे. तुला माहीत आहे."

निकाल लागल्यावर आज ती पट्टी लाल शाईने तपासली आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. उत्तर बरोबर, अक्षर उत्तम, मुद्देसूद. दहापैकी नऊ. परीक्षा चालू असताना विनापरवानगी खोलीत आल्याबद्दल एक गुण कापला आहे. त्यांनी फेरतपासणी मागितली. नामंजूर.